समृद्धीवर पडलेलं ॲव्हरेज: एका पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

आण्णांची (हे त्यांचं खरं नाव नाही) जालना तालुक्यात चार एकर मोसंबी आहे. घर चालतं ते अर्धं बागेवर आणि अर्धं पिकअपवर. स्वतःचा माल तर असतोच, शिवाय शेजारच्या दोन-तीन गावांतल्या बागवाल्यांची मोसंबीही ते वाशीच्या बाजार समितीत पोचवतात. गाडी सतराशे किलो क्षमतेची, डिझेलची, सहा वर्षं वापरलेली. चालवतो पुतण्या, त्याला बापू म्हणू. मोसंबी नसली की कापूस, कडबा, कांदा, जे भाडं मिळेल ते.

माझं जालन्यात जुन्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, काही वर्षं सळईच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो, मग स्वतःचं सुरू केलं. शटर, गेट, ट्रॉलीचे फाळके, पिकअपच्या जाळ्या ही रोजची कामं. आण्णांच्या हौद्यावरचा पाईपचा सांगाडा मीच करून दिला होता. हौद्याच्या तळापासून साडेपाच फूट उंच, वर तीन कमानी, त्यावर ताडपत्री. कापूस आणि कडबा हलका पण फुगीर, त्यामुळे उंची असली तरच खेप परवडते. म्हणून तेवढा उंच केला. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे निघालं त्यात माझ्याच या सांगाड्याचा वाटा सगळ्यात मोठा होता.

पूर्वी वाशीची खेप संभाजीनगर, वैजापूर, येवला, नाशिक आणि कसारा घाट अशी जायची. गावं, गतिरोधक, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या. बापूचा वेग पन्नास-पंचावन्नच्या वर क्वचितच जायचा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. मग जालन्याहून चढलं की थेट भिवंडीजवळच्या आमण्याला उतरायचं, मध्ये एक सिग्नल नाही. मालवाहू गाड्यांना तिथं ताशी ८० ची मर्यादा आहे आणि बापू त्या ८० ला काटा चिकटवून ठेवायचा.

अडचण

त्या वर्षीच्या आंबे बहाराच्या तोडणीत आण्णा वर्कशॉपला आले. कामासाठी नाही, तक्रार घेऊन. जुन्या रस्त्यानं गाडी लिटरला बारा द्यायची, समृद्धीवर दहावर आली होती.

"भाऊ, रस्ता चांगला झाला अन् गाडी डिझेल जास्त प्यायलीय. असं कुठं असतंय का?"

इंजेक्टर साफ करून झाले होते, एअर फिल्टर बदलला होता, क्लच तपासला होता. पंपावरही संशय घेऊन झाला होता. मेकॅनिकनं इंजिनात काही दोष नाही असं सांगून हात टेकले होते. आणि खरंच दोष नव्हता.

मी पाटीवर खडूनं हिशेब मांडला. गाडीला मागं ओढणारे दोन मुख्य जोर. एक टायरचा: माल भरून गाडी सव्वातीन टनाच्या आसपास, तिला सपाट डांबरावर लोळवायला वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे ३३ किलोचा जोर लागतो. वेग वाढला तरी हा फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा, आणि हा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सांगाड्यासकट गाडीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ चार चौरस मीटरच्या घरात. अशा चौकोनी आकाराला रोधगुणांक (आकार हवेला किती अडवतो तो आकडा) ०.६५ धरला, तर ताशी ५५ ला हवेचा जोर निघतो ३४ किलोच्या आसपास आणि ८० ला ७२ किलो. म्हणजे जुन्या रस्त्यावर टायर आणि हवा सारख्याच वाटेकरी होत्या. समृद्धीवर हवेनं टायरला दुपटीनं मागं टाकलं.

परतीचा हिशेब तर आणखी डोळे उघडणारा होता. बापू रिकामी कॅरेट घेऊन परत येतो. वजन गेलेलं, टायरचा जोर १८ किलोवर उतरलेला. हवेला मात्र कॅरेट भरली की रिकामी याच्याशी काही देणंघेणं नाही. ताडपत्रीचा डोंगर तेवढाच, ७२ किलो तेवढेच. "रिकामी गाडी हलकी चालते" हे आपण सगळेच म्हणतो. समृद्धीवर ते अर्धंच खरं आहे.

आण्णा बराच वेळ पाटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे वाऱ्याला आडवं लागून डिझेल जायलंय. मग वाऱ्याला वाट द्या की."

घाईत केलेली पहिली गोष्ट

इथं माझं चुकलं. मोजमाप न करता मी थेट हत्यार हातात घेतलं.

मोठ्या ट्रकच्या केबिनवर तिरका डिफ्लेक्टर असतो, तसा आपणही लावू असं ठरलं. १२ एमएमचा प्लायवूड, पाच फूट रुंद, केबिनवरच्या कॅरिअरला चार बोल्टनं कसला, ४५ अंशांत मागं झुकलेला. दिसायला झकास. बापूनं त्यावर रेडियमची पट्टीपण लावून घेतली. एका खेपेला लावून गेला. टाकी भरून बघितलं तर १०.१. आधीइतकंच.

पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी होती. परतीला शिर्डीच्या पुढं बापूला केबिनवर खडखड ऐकू आली. पुढच्या पंपावर उतरून बघितलं तर चारपैकी दोन बोल्टचे नट अर्ध्यावर आले होते. रात्रीचे दोन वाजलेले, मागून गाड्या १२० नं येतात. तो आठ-दहा किलोचा फळा सुटून मागच्या काचेवर गेला असता तर? मी साधे नट वापरले होते, स्प्रिंग वायसरसुद्धा घातले नव्हते. "नुसता ट्रायलच आहे" असं मनात होतं. ट्रायल म्हणून का होईना, फळा ८० च्याच वेगानं चालला होता. त्या दिवशी बापूनं फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "भाऊ, मी ते काढून हौद्यात टाकलंय." मला रात्रभर झोप लागली नाही.

त्यानंतर एक नियम ठरवला आणि वर्कशॉपच्या भिंतीवर लिहिला: बाहेर लावलेल्या प्रत्येक वस्तूला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीनं सहसा न सुटणारा) आणि शिवाय वेगळी सेफ्टी वायर. नट सुटले तरी वस्तू गाडीला लोंबकळत राहिली पाहिजे.

मोजमाप

मग सगळं थांबवून आधी मोजायचं ठरवलं. दोन पद्धती वापरल्या, दोन्ही बिनखर्चाच्या.

पहिली वहीची. खेप सुरू करताना जालन्यातल्या एकाच पंपावर, एकाच नोझलनं, पहिल्या कटपर्यंत टाकी फुल. परत आल्यावर तिथंच पुन्हा फुल. जाणं आणि येणं दोन्ही धरायचं, म्हणजे वारा एका दिशेनं साथ देतो आणि दुसऱ्या दिशेनं अडवतो ते फिटतं. किती कॅरेट, टायरची हवा किती, वाटेत किती वेळ गाडी उभी ठेवून इंजिन चालू राहिलं, हे सगळं बापूनं लिहायचं. मूळ स्थितीतल्या तीन खेपा: ९.९, १०.२, १०.०. जाऊन-येऊन साधारण ८०० किलोमीटरला ८० लिटर.

दुसरी पद्धत दोऱ्यांची. लाल लोकरीचे वीतभर लांब तुकडे कापले आणि ताडपत्रीच्या पुढच्या तोंडावर, वरच्या कडेला, बाजूला आणि मागं असे चाळीसेक ठिकाणी चिकटपट्टीनं लावले. पहाटे रिकाम्या रस्त्यावर बापूनं ६० नं गाडी चालवली आणि मी मित्राच्या गाडीत, शेजारच्या सीटवर बसून मोबाईलवर चित्रण केलं. दोरा मागं ताठ उभा राहिला तर हवा पृष्ठभागाला धरून वाहते आहे. दोरा थरथरला, उलटा फिरला, तर तिथं हवा सुटून भोवरे होत आहेत.

ते चित्रण मी आजही नवीन पोरांना दाखवतो. केबिनच्या टपावरचे दोरे शहाण्यासारखे मागं झुकलेले. आणि टपामागं उभी ताडपत्रीची भिंत, केबिनच्या वर सव्वादोन फुटांहून जास्त, पूर्ण सपाट. तिच्या मधले दोरे धडपडत खाली-वर मारताहेत. तिची वरची कड ओलांडल्यावर पहिल्या कमानीपर्यंतचे दोरे चक्क पुढच्या दिशेनं, म्हणजे वाऱ्याच्या उलट तोंड करून उभे. हवा धारेवरून उडून वर गेली होती आणि खाली भोवरा फिरत होता. माझा प्लायवूड का निरुपयोगी ठरला तेही तिथंच कळलं. त्याची वरची कड सांगाड्याच्या टोकापेक्षा फूटभर खाली होती. हवा फळ्यावरून उडायची आणि पुन्हा जाऊन ताडपत्रीलाच आपटायची.

समोरचे पर्याय

आता डोळ्यांनी दिसत होतं, त्यामुळे चर्चा नेमकी झाली.

बापूचा पहिला आग्रह होता: रिकाम्या गाडीला मागचा फाळका पाडून चालवू, हवा आरपार जाईल. हे पिकअपवाल्यांमध्ये सगळीकडं म्हटलं जातं, आणि चूक आहे. उघड्या हौद्याच्या पिकअपला फाळका लावलेला असला की केबिनमागं हौद्यात एक मोठा भोवरा अडकून बसतो आणि वरची हवा त्याच्यावरून गादीवरून घसरावी तशी पुढं जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो आणि हवेची ओढ साधारणपणे कमी होण्याऐवजी वाढते. शिवाय पाडलेल्या फाळक्यानं नंबरप्लेट झाकली जाते. आमच्या गाडीवर तर सांगाडा होता, प्रश्नच मिटला.

दुसरा पर्याय खालच्या बाजूचा. गाडीच्या पोटाखाली शीट लावून तळ गुळगुळीत करायचा, बंपरखाली रबराची पट्टी सोडायची. दोन्हींचा उपयोग होतो हे मला माहीत आहे. पण ही गाडी समृद्धीवर जितकी चालते तितकीच बागेत, बांधावर आणि काळ्या मातीच्या पांदीत चालते. पावसाळ्यात ती शीट चिखलानं भरून दहा-वीस किलो होईल. सायलेन्सरजवळ प्लॅस्टिक नको, आणि पुढून खाली येणारी हवा अडवून रेडिएटरशी खेळ नको. हा पर्याय मी सोडला आणि त्याची मला खंत नाही.

तिसरा मागच्या बाजूचा. बापू म्हणाला, मागं उतार देऊ. आमची कॅरेट एका थरात वीस, असे चार थर, म्हणजे ८० ची जागा, आणि आम्ही भरतो ७५. मग सगळ्यात मागच्या ओळीत चारऐवजी तीनच थर ठेवले तर ताडपत्रीला आपोआप उतार मिळेल. कल्पना बरी वाटते. मी मोजलं: कॅरेटची उंची २९ सेंटीमीटर, लांबी ५४. म्हणजे उतार २८ अंशांचा. आणि इथं मला डिप्लोमाच्या दिवसांत वाचलेली गोष्ट आठवली. १९८४ मध्ये अहमद आणि सहकाऱ्यांनी एका सोप्या ठोकळ्यासारख्या गाडीच्या मागच्या उताराचा कोन बदलत बदलत ओढ मोजली. साधारण साडेबारा अंशांना ओढ सगळ्यात कमी आली, आणि ३० अंशांजवळ ती सगळ्यात जास्त झाली, सपाट कापलेल्या मागापेक्षाही जास्त. त्या कोनाला उताराच्या दोन्ही कडांवरून हवेचे पीळ पडतात आणि ते गाडीला मागं खेचतात. आमची गाडी म्हणजे तो ठोकळा नव्हे, पण २८ अंश म्हणजे त्या खड्ड्याच्या काठावरच उभं राहणं. बारा अंशांचा सौम्य उतार करायचा तर अडीच ओळी मोडाव्या लागल्या असत्या, म्हणजे मालच कमी भरावा लागला असता. फाळक्याच्या मागं शेपूट जोडायची तर दिवे झाकले जाणार. म्हणून मागची बाजू सरळ, सपाटच ठेवायची ठरली. पाच जागा रिकाम्या कॅरेटनी भरून वरचा थर सलग केला.

चौथा पर्याय मी जरा संकोचानंच मांडला, कारण त्यात माझंच काम कापायचं होतं. मोसंबीचे चार थर म्हणजे जेमतेम चार फूट. मग साडेपाच फुटांचा सांगाडा कशाला? वरच्या दीड फुटात आपण नुसती हवा भरून वाशीला नेतोय.

आण्णांचा यावर स्पष्ट नकार. "कापसाच्या टायमाला काय करू? पुन्हा पाईप जोडत बसू का?" त्यांचं बरोबर होतं. आंबे बहाराची तोडणी आणि कापसाची वेचणी एकाच काळात येते. एका आठवड्यात दोन खेपा मोसंबीच्या, एक कापसाची.

पाचवा पर्याय कडा गोल करण्याचा. १९७० च्या दशकात नासाच्या ड्रायडन केंद्रानं एका व्हॅनवर पत्रे ठोकून तिला मुद्दाम बुटाच्या खोक्यासारखं चौकोनी केलं आणि मग एकेक कड गोल करत मोजलं. फक्त पुढच्या कडा गोल केल्यानं ओढ निम्म्याच्या आसपास उतरली. धारदार कडेवरून हवा उडते, गोल कडेवरून ती वळते, एवढीच ती गंमत. आम्हाला तेवढा फायदा होणार नव्हता, कारण खालचा भाग केबिन आधीच सांभाळते. पण टपावरच्या त्या भिंतीला गोलाई हवी हे नक्की.

आणि सहावा, ज्याला एक रुपयाही लागत नाही: ८० ऐवजी ७०.

ठरवताना कायद्याची चौकटही पाहिली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. म्हणून आम्ही स्वतःला मर्यादा घातली: केबिनला भोक नाही, चॅसीला वेल्डिंग नाही, रुंदी-लांबीत इंचाचीही वाढ नाही, दिवे आणि नंबरप्लेट मोकळी, आणि सगळं पान्यानं अर्ध्या तासात उतरेल असं.

काय केलं

सांगाडा चार फुटांवर कापला. खालच्या प्रत्येक उभ्या पाईपच्या तोंडात नऊ इंचांचा, आतून घट्ट बसणारा दुसरा पाईप वेल्ड केला, पाच इंच आत आणि चार इंच बाहेर. वरचा दीड फुटाचा भाग त्यावर टोपीसारखा बसतो, प्रत्येक खांबाला आरपार एक बोल्ट. तीन कमानींचा एक अखंड संच, दोघांनी उचलला की चढतो. आण्णांना समोर चढवून-उतरवून दाखवलं, घड्याळ लावून. अकरा मिनिटं. त्यावर ते राजी झाले.

आता सांगाड्याचं टोक केबिनच्या टपापेक्षा फक्त २७ सेंटीमीटर वर होतं, आणि त्या २७ सेंटीमीटरच्या भिंतीला गोल नाक हवं होतं. पत्रा वाकवायचा तर रोलिंग मशीन लागणार, फायबर करायचं तर साचा. मी वर्कशॉपच्या दारात चहा पीत बसलो होतो आणि समोर पाण्याचा निळा ड्रम होता. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा हा ड्रम प्रत्येक दारात असतो. दोनशे लिटरचा, व्यास साधारण ५८ सेंटीमीटर. म्हणजे त्रिज्या २९. उभा चौथा हिस्सा कापला की आमच्या २७ सेंटीमीटरला जवळजवळ मापाचा गोल. वरचं-खालचं बूड काढल्यावर लांबी ८५ सेंटीमीटर, दोन तुकडे शेजारी ठेवले की १७० आणि हौद्याची रुंदीही तेवढीच. मी कप खाली ठेवून टेप घेऊन धावलो.

करताना काही गोष्टी शिकायला मिळाल्या. हे प्लॅस्टिक ग्राइंडरनं कापायला गेलं की वितळून पातीला चिकटतं. जिगसॉला मोठ्या दाताचं पातं लावून, सावकाश कापावं. त्याला कुठलाच डिंक धरत नाही, त्यामुळे जोड बोल्टचाच, खाली रुपयाएवढे मोठे वायसर. उन्हात ते वाढतं, म्हणून पहिलं भोक गोल आणि बाकीची लांबट पाडली, नाहीतर दुपारी पोट फुगतं आणि रात्री बोल्टपाशी तडा जातो. आतून तीन ठिकाणी पट्टीचे आधार दिले. नाक सांगाड्यालाच बसवलं, केबिनला स्पर्श नाही. टपापासून दोन बोटं अंतर, कारण केबिन आणि हौदा खड्ड्यात वेगवेगळे हलतात. दोन टोकांना स्टीलची सेफ्टी वायर. नट सगळे नायलॉक.

ताडपत्री पूर्वी चार कोपऱ्यांना बांधलेली असायची आणि वाटभर फडफडायची. फडफडणारं कापड म्हणजे हवेला फुकट घातलेलं काम. आता वरून आडवे-तिडवे पट्टे ओढून ती ढोलाच्या चामड्यासारखी ताणली. पण इथं आण्णांनी मला अडवलं आणि बरं झालं. मोसंबीला हवा लागते, घट्ट गुंडाळली तर खालचे थर घामेजून डाग पडतात आणि वाशीला भाव तुटतो. म्हणून मागच्या बाजूनं फाळक्याच्या वर सहा इंचांची फट ठेवली. मागच्या भोवऱ्यातून पुरेशी हवा आत फिरते. पहिल्या दोन खेपांना त्यांनी पोचल्यावर खालची कॅरेट उपसून फळ हातात घेऊन बघितलं. डाग नव्हते.

पुन्हा दोरे लावून चित्रण केलं. नाकावरचे दोरे गोलाईला चिकटून वर चढले आणि ताडपत्रीच्या पाठीवर पार मागपर्यंत निजलेले. एकही उलटा नाही.

काय हाती लागलं

सांगाडा उतरवल्यावरच्या दोन खेपा: ११.१ आणि ११.०. नाक आणि ताणलेली ताडपत्री आल्यावर तीन खेपा: ११.६, ११.८, ११.७. म्हणजे ८०० किलोमीटरमागं अकरा-साडेअकरा लिटर वाचले.

वेगाचा निर्णय सगळ्यात शेवटी झाला आणि सगळ्यात अवघड होता. बापूचं म्हणणं, समृद्धीवर टोल भरून सत्तरनं का जायचं? कागदावर सव्वातीनशे किलोमीटरला फरक पडतो पस्तीस मिनिटांचा. रात्री नऊऐवजी सव्वाआठला निघालं तर पहाटेच्या बाजाराला तीच वेळ साधते. पण तोडणी, भरणी, बागवाल्याचं जेवण या सगळ्यात पाऊण तास आधी निघणं सोपं नसतं. शेवटी तडजोड झाली: जाताना ७५, परतीला ७०, कारण परतीला कुणी वाट बघत नसतं आणि त्याच वेळी हवेचा वाटा सगळ्यात मोठा असतो. त्या खेपा १२.८ आणि १२.९ आल्या. मूळ ८० लिटरच्या जागी ६२. डिझेल नव्वदच्या पुढं असताना खेपेमागं सोळाशे रुपये. वर बापूचं एक निरीक्षण, जे मी मोजलेलं नाही: बोगद्यातून इगतपुरीला बाहेर पडताना आणि आडव्या वाऱ्यात गाडी पूर्वीसारखी झोका घेत नाही. उंची कमी झाली की हे होणारच.

खर्च: पाईप आणि बोल्ट ४२००, ड्रम ९००, वायर, पट्टे, किरकोळ ११००. वाया गेलेल्या प्लायवूडचे २३०० मी लावले नाहीत.

गावात मात्र सगळे ड्रमचंच कौतुक करतात. दिसतो तो ड्रम. आकडे बघितले तर कापलेल्या दीड फुटानं (त्यात टायरच्या हवेचाही वाटा मिसळलाय, ते पुढं सांगतो) आणि कमी केलेल्या वेगानं प्रत्येकी त्याहून जास्त दिलं आहे, आणि ते दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत.

पुन्हा करायचं तर

सांगाडा उतरवला त्याच दिवशी मी टायरची हवाही कंपनीच्या पट्टीप्रमाणे भरून घेतली. चारही टायर कमी होते. हेतू चांगला, पण त्यामुळे दहावरून अकरावर जाण्यात सांगाडा किती आणि हवा किती हे आता वेगळं काढता येत नाही. टायर आधी नीट करून मग मूळ तीन खेपा मोजायला हव्या होत्या. एका वेळी एकच बदल, हे मला माहीत असून मी पाळलं नाही.

दोऱ्यांची पद्धत पहिल्या दिवशी वापरली असती तर प्लायवूड झालाच नसता, आणि ती शिर्डीची रात्रही.

मोटार वाहन निरीक्षकांना आधी दाखवायला हवं होतं. आम्ही नियम वाचून आपल्या समजुतीनं मर्यादा आखल्या, पण समजूत आपली आणि शिक्का त्यांचा. फिटनेसची तारीख जवळ आली आहे. सगळं लावलेल्या स्थितीतच गाडी नेऊन विचारायचं, नको म्हणाले तर नाक उतरवायचं असं आण्णांशी बोलणं झालं आहे. सांगाड्याची कमी झालेली उंची तरी राहील.

ड्रमचे चार हिस्से झाले होते, दोन वापरले. उरलेले दोन वर्कशॉपच्या कोपऱ्यात आहेत. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक टोमॅटोवाला पिकअप घेऊन आला, तेच दोन तुकडे दाखवून म्हणाला, "मलापण हे लावून द्या, आजच." त्याचा सांगाडा सहा फुटांचा आहे आणि टोमॅटोचे थर तीन. मी त्याला चहा दिला, टायर गेज हातात दिलं आणि एक शंभर पानी वही. तीन टाक्या लिहून आणल्यावर बोलू म्हणालो. तो जरा नाराज होऊन गेला, पण वही घेऊन गेला.